तो जॉब घे

प्रिय ओंकार,

रविवारी फोनवर मी जे बोललो ते चुकलंच माझं. एवढं शिकून कोच होणार का, असं म्हणायला नको होतं, तू एकदम गप्प झालास आणि मला रात्रभर झोप लागली नाही बघ.

मग म्हटलं ओरडण्यापेक्षा जरा वाचून तरी बघू, आणि आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या चीफ्स टीमचा हेड कोच अँडी रीड, त्याच्यापासूनच सुरुवात केली. मला वाटायचं हा माणूस पहिल्यापासून मोठ्या टीमचाच कोच असणार, कसलं काय! ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत लाइनमध्ये, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेत, खेळायचा, व्हायचं होतं पत्रकार, पण त्याचे कोच लाव्हेल एडवर्ड्स म्हणाले की कोचिंगमध्ये ये, आणि १९८२ ला तिथेच ग्रॅज्युएट असिस्टंट झाला, शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम, म्हणजे तुला आता मिळतोय तोच जॉब. पुढे सॅन फ्रान्सिस्को स्टेट, तिथे टीमकडे पैसे नव्हते तर हा कॅम्पसवर हॉट डॉग विकून पैसे जमवायचा!! मग नॉर्दर्न अ‍ॅरिझोना, एल पासो, मिसुरी, दहा वर्षांत पाच कॉलेजं, तेही बायकोपोरांना घेऊन. १९९२ ला ग्रीन बेच्या प्रोफेशनल टीममध्ये असिस्टंट, १९९९ ला फिलाडेल्फियाच्या टीमचा हेड कोच, तिथे १४ सीझन काढले आणि २०१२ ला ४ मॅच जिंकल्या १२ हरल्या तर काढून टाकलं. हेड कोच म्हणून सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, पहिल्यांदा जिंकली ती २०२० च्या फेब्रुवारीत, वय ६१. त्या रात्री आपण हॉलमध्ये नाचलो होतो, पण त्यामागचं हे काहीच मला माहीत नव्हतं.

तुझे आजोबा बँकेत होते, आजीने अकोला, लातूर, रत्नागिरी असा संसार ट्रंकांत भरून नेला. पण त्यांची बदली व्हायची, नोकरी जात नव्हती. तुमच्यात हेड कोच गेला की बहुतेक वेळा सगळा स्टाफच जातो, भीती मला त्याचीच वाटते, आणि ती मी रागाने बोलून दाखवली.

तुझा गुडघा गेला त्या वर्षी शुक्रवारच्या मॅचला मी थंडीत थर्मास घेऊन बसायचो. एकदा तू साइडलाइनला चिखलात गुडघ्यावर बसून, तेही त्याच दुखऱ्या, एका नववीतल्या पोराचा बूट हाताने धरून पाऊल नीट जागेवर ठेवलंस, मग उठून त्याच्या खांद्यावर थाप मारलीस. पुढच्या डावात ते पोर हललं नाही जागचं. मी ते कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही.

तर जॉब घे. फी माफ आहे तर मास्टर्स मात्र पूर्ण कर, रात्री मॅचची कितीही फिल्म बघायची असली तरी, एवढं माझं ऐक. पगार पुरणार नाहीच, पहिलं वर्ष घरभाड्याचं मी बघतो, त्यात लाज कसली. ऑगस्टच्या आधी सामान घेऊन मीच गाडीने येतो, आई कुकर आणि गोडा मसाला देतेय, गादी तिकडे घेऊ. पत्ता पाठव.

तुझा,
बाबा