पोर्टफोलिओ छापखान्यातही दाखवावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी लातूरमध्ये तासिका तत्त्वावर उपयोजित कला शिकवतो आणि त्याआधी बरीच वर्षे डीटीपी (संगणकावर पाने लावणे) व पॅकेजिंगच्या कामात होतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचे संच, दरवर्षी माझ्यापुढे येतात. त्यांतील कामे देखणी असतात, परंतु ती आम्हा शिक्षकांखेरीज कोणी पाहिलेली नसतात आणि आम्हीही ती गुण देण्यापुरतीच पाहतो. ज्याला ते काम उद्या प्रत्यक्ष छापायचे आहे, त्याच्या नजरेखालून त्यातले एकही पान गेलेले नसते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तूरडाळीच्या एक किलोच्या पारदर्शक पाकिटाची मांडणी केली. वर्गात तिला सर्वाधिक गुण मिळाले. ते मीच दिले होते. नंतर तिने ती मांडणी अशी पाकिटे छापणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली. त्यांनी आधी रंग मोजले. ही पाकिटे ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात, प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि पारदर्शक फिल्मवर बाकीचे रंग उठून दिसावेत म्हणून पांढऱ्याचा आणखी एक लागतो. तिने नऊ रंग वापरले होते. ‘एवढ्या सिलिंडरांच्या पैशात गिरणीवाला नवीन मशीन घेईल,’ असे ते म्हणाले. गिरणीचा पत्ता तिने नेमका पाकिटाच्या कडेला, सील होणाऱ्या पट्टीत टाकला होता. शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह, अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि निव्वळ वजन यांना तर जागाच ठेवलेली नव्हती. हे माझ्याही लक्षात आले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. तिने पाच रंगांत नवी मांडणी केली, जुनी आणि नवी शेजारी-शेजारी ठेवली आणि काय व का बदलले ते खाली दोन ओळींत लिहिले. पुढे मुलाखतीत सर्वांत जास्त बोलणे त्याच पानावर झाले.

देवनागरीच्या बाबतीतही हेच घडते. इनडिझाइनसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शिवार’ असा शब्द टाकला की कधी कधी पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि इतर शब्दांतली जोडाक्षरे सुटी होतात. आमची मुले ती वेलांटी हाताने उचलून जागेवर ठेवतात, पुढच्या शब्दात पुन्हा तेच करतात. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला की हा त्रास संपतो, हे रोज मराठी पाने लावणारा माणूस दोन मिनिटांत सांगू शकतो.

व्यावसायिकांच्या ओळखी म्हणजे पुण्या-मुंबईच्या जाहिरात संस्थांतील ओळखी, असा आपल्याकडे समज आहे आणि त्यासाठी मुले रात्रभराचा रेल्वेप्रवासही करतात. त्यांनी जरूर जावे. पण लातूरच्या डाळगिरण्या, जालन्याचा बियाणे उद्योग, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे कारखाने यांना पिशव्या, खोकी आणि लेबले पुरवणारी माणसे मराठवाड्यातच आहेत, आणि आपल्याच गावातल्यांना भेटायला सिटी बसचे तिकीट पुरते.

मात्र भेटण्याची रीत शिकवावी लागते. ‘सर, गाइड करा’ एवढे लिहून चाळीस कामांची लिंक पाठवली तर कामात बुडालेला माणूस ती उघडत नाही. तीन कामे आणि एकच नेमका प्रश्न पाठवावा. उदाहरणार्थ, ‘पाव किलोच्या पाकिटावर हे अक्षर वाचता येईल का?’ उत्तर आल्यावर दुरुस्त केलेले काम पुन्हा दाखवावे, कारण ओळख टिकते ती या दुसऱ्या निरोपामुळे. पहिल्याच भेटीत नोकरी मागू नये. आणि एक सावधगिरी: मूळ फाइल कोणाला देऊ नये, कमी रिझोल्यूशनची, नाव टाकलेली पीडीएफच द्यावी. ‘बघून सांगतो’ म्हणून घेतलेले माझ्या एका विद्यार्थ्याचे बोधचिन्ह महिन्याभराने एका दुकानाच्या फ्लेक्सवर झळकले आणि त्याला त्याचा एक रुपयाही मिळाला नाही.

महाविद्यालयांनी ही दाखवादाखवी वर्षाअखेरीस न ठेवता पहिल्याच सत्रात ठेवावी, कारण मार्चमध्ये मिळालेला सल्ला अमलात आणायला वेळ उरत नाही. आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. आपल्या पानमांडणी विभागाने प्रत्येक सत्रात एकदा, पाने सोडण्याची घाई सुरू होण्याआधी, दुपारचा तास-दीड तास आठ-दहा विद्यार्थ्यांना द्यावा. त्यांना वेळेवर, प्रत्येकी तीनच कामे घेऊन, आपल्या कार्यालयात आणण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
उपयोजित कलेचा एक तासिका अध्यापक,
लातूर