दडे बसले म्हणजे मळच का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत कानाचा लेख वाचला आणि चहा गार झाला. दडे बसले की कोमट तेल सोडा, चार दिवसांत मळ सुटतो. झालं? अर्धं पान त्यातच संपलं? कानात गाठ पण होते हे लिहायला दोन ओळी शिल्लक नव्हत्या काय?

माझं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. गिऱ्हाईक पाव किलो म्हणतंय आणि मी पाऊण बांधतोय, दीड वर्ष हेच चाललेलं, शेवटी पोरगा म्हणाला पप्पा तुम्ही नुसतं गल्ल्यावर बसा. तेल झालं, ड्रॉप झाले, एका दवाखान्यात तीनदा पिचकारीनं पाणी मारलं, तिसऱ्या वेळी असं गरगरलं की मिसेसनी रिक्षात धरून घरी आणलं. दरवेळी एकच, "मळ घट्ट आहे हो काका." अहो मळ एवढा घट्ट कसा, सिमेंट आहे काय?

शेवटी दुसऱ्या एका कानाच्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोप लावून बघितलं. कानाच्या तोंडाजवळच, जिथं मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, तिथं गुळगुळीत गाठ. गंमत बघा, मळ मळ म्हणून जिला दीड वर्ष धुतलं ती मळाच्या ग्रंथीचीच गाठ निघाली! नाव सेरुमिनस अ‍ॅडेनोमा, फार कमी जणांना होते म्हणे. सीटी स्कॅन केला, हाड पोखरलेलं नव्हतं. मी म्हटलं नुसता तुकडा काढून तपासा की, कशाला चिरफाड. तर ते म्हणाले साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ छोट्या तुकड्यात सारखीच दिसू शकते, आजूबाजूला घुसली आहे का ते कळायला अख्खी काढावी लागते, आणि थोडी जरी राहिली तर परत येते. मग ऑपरेशन, कानात पट्टीचा बोळा, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कोण नीट जेवलं नाही. साधीच निघाली, आई अंबाबाईची कृपा. अजून तपासायला जातोय.

आता लेखात ज्या हाडाच्या गाठी ओझरत्या आल्यात त्यात पण घोळ. वर्षानुवर्षं थंड पाण्यात पोहणाऱ्यांना हाडाचे उंचवटे येतात ते बहुतेक दोन्ही कानांत आणि एकापेक्षा जास्त. ऑस्टिओमा, म्हणजे हाडाचीच साधी गाठ, वेगळा, तो बहुधा एकाच कानात, एकटाच, देठावर लटकल्यासारखा. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत भरून टाकलंत. दुकानात मी हरभऱ्यात वाटाणा मिसळला तर गिऱ्हाईक सोडंल काय मला?

आणि हो, त्याच लेखाखाली बहिरेपणावर रामबाण तेलाची जाहिरात, लेखापेक्षा मोठी. मी त्या नंबरला फोन लावला, म्हटलं कानात गाठ असंल तर? पलीकडून बाई म्हणाल्या, मग दोन बाटल्या लागतील.

आपला,
एक वर्गणीदार, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर