साके कुठली आहे ते सांगा, आणि टोफूवर काय घातलंय तेही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी नवऱ्याच्या रिटायरमेंटचं निमित्त काढून आम्ही चौघं, मी, नवरा, वन्सं आणि त्यांचा मुलगा, कोथरूडहून पार नदी ओलांडून एका जपानी साके बारमधे गेलो होतो, साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. हॉटेलचं नाव लिहीत नाहीये कारण तिथं जे झालं ते दुसरीकडंही होऊ शकतं, आणि सगळ्याच हॉटेलवाल्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जागा छान होती, लाकडी काउंटर, कागदी कंदील, गर्दी बेताची. मेनू उघडला तर खाण्याची सहा पानं आणि साकेची एक ओळ: साके, गरम किंवा थंड, १८० एमएल. बास. कुठली आहे विचारलं तर तो मुलगा म्हणाला मॅडम साके म्हणजे साकेच. त्याला मी बोल लावत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पण आपण आंबेमोहर आणायला गेलो आणि दुकानदार म्हणाला तांदूळ म्हणजे तांदूळच, तर आपण घेऊ का?

मी नव्वदच्या दशकात रानडे इन्स्टिट्यूटमधे जपानी शिकले, पुढं बरीच वर्षं चाकणच्या कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम केलं, आणि २०१४ मधे कामासाठी तीन महिने जपानात ओकायामाला राहिले. तेच ओकायामा ज्याच्या कोराकुएन बागेवरून आपल्या सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग केलीये. तिथं ऑफिसजवळ एक छोटं इझाकाया होतं, म्हणजे पिण्यासोबत खायला देणारं जपानी हॉटेल. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, साके विकणाऱ्या दुकानांतच लोक बसून प्यायला लागले, दुकानदार सोबत काहीबाही खायला द्यायला लागले, त्यातनं इझाकाया आलं. तिथला म्हातारा मालक साके ओतायच्या आधी बाटली काउंटरवर ठेवायचा, लेबल आपल्याकडं करून, आणि मग ओतायचा. मला ते फार आवडायचं. तिथं सगळंच उत्तम असं मी म्हणत नाही, बसल्याबसल्या न मागता एक छोटी वाटी पुढ्यात येते, ओतोशी म्हणतात, आणि तिचे पैसे बिलात लागतात हे नवख्या माणसाला कुणी सांगत नाही, मलाही पहिल्या दिवशी नव्हतं सांगितलं.

तर मी बाटली बघायला मागितली. जरा वेळ लागला पण आणली, बारमागच्या दिव्यांच्या फळीवरनं काढून. हीच पहिली चूक, साकेला उजेड आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत, उघडलेली बाटली फ्रिजमधेच ठेवायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवायची. ही कधी उघडली ते कुणालाच माहीत नव्हतं. लेबल वाचलं, जुनमाई गिंजो, तांदूळ ६० टक्के. हे ६० म्हणजे काय ते मी तिघांना सांगितलं आणि पुढचा अर्धा तास आमच्या टेबलावर तोच विषय. तांदळाचा दाणा घासून घासून बाहेरचा थर काढतात कारण त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त, त्यानं चव जड होते. आपण खातो तो पांढरा तांदूळ जेमतेम १० टक्के घासलेला असतो, गिंजोला ६० टक्के किंवा त्याहून कमी दाणा उरतो, दाईगिंजोला ५० किंवा त्याहून कमी. जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली, फक्त तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट. वाफवलेल्या तांदळावर कोजीची बुरशी वाढवतात, ती स्टार्चची साखर करते, आणि त्याच टाकीत त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. वाईनला द्राक्षात साखर तयारच असते, बियरला ती आधी करून घ्यावी लागते, इथं दोन्ही कामं एकदम चालतात. म्हणून पेपरात राइस वाईन लिहितात ते मला खटकतं. कोजी वापरून साके करायच्या या परंपरेला युनेस्कोनं डिसेंबर २०२४ मधे अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा साकेला सरळ साके म्हणायला काय हरकत आहे.

भाच्यानं विचारलं हे करतं कोण. पूर्वी थंडीत शेतीची कामं नसली की गावोगावचे शेतकरी साकेच्या कारखान्यांत कामाला जायचे, आपल्याकडं ऊसतोडीला टोळ्या निघतात तसे घरदार सोडून, आणि त्यांच्यातला मुख्य तो तोजी. ओकायामात ओमाची नावाचा जुना तांदूळ होतो, १८५९ मधे एका शेतकऱ्याला त्याच्या लोंब्या सापडल्या, उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, मधे जवळजवळ गेलाच होता पण तिथल्या लोकांनी टिकवला. वन्सं लगेच म्हणाल्या आंबेमोहर पण लोळतो की गं. त्यांचं माहेर मुळशीकडचं, त्यांना ठाऊक.

साके गरम मागितली होती ती वाफाळत आली, हातात धरवेना. गरम साकेलाही पायऱ्या असतात, ३५ अंशाला हितोहादाकान म्हणजे अंगाच्या ऊबेइतकी, ४० ला नुरुकान, ५० ला आत्सुकान, आणि गार करायची तर १० अंशाला हानाबिए, फुलांचा गारवा. गिंजो उकळली की तिचा सगळा वास जातो, पैसे वाया. आम्ही निवू दिली आणि एकमेकांना ओतून दिली कारण तिकडं आपलं आपण ओतायचं नसतं. सोबत एदामामे आले, सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, अगदी आपल्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारख्या सोलून खायच्या, त्या वन्संनी एकट्यांनी संपवल्या.

आणि मग टोफू आला.

वन्सं जन्मभर शाकाहारी. आगेदाशी टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर तळून रश्शात देतात ते, त्याच्यापुढं मेनूत हिरवा ठिपका होता, मी तरी विचारलं, तो म्हणाला प्युअर व्हेज. आला तेव्हा वर पातळ गुलाबी पापुद्रे वाफेनं हलत होते. कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा किस. खालच्या रश्शातली दाशी, म्हणजे जपानी रश्शाचं मूळ पाणी, तीही त्याचीच. वन्संनी चमचा नुकताच तोंडाजवळ नेला होता, मी हात धरला. त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर काहीच खाल्लं नाही, आणि नवऱ्याची ती संध्याकाळ तिथंच संपली. मला अजून वाईट वाटतंय, कारण त्यांना आग्रह करून मीच नेलं होतं.

पुण्यात शाकाहारी माणसं किती आहेत हे हॉटेलवाल्यांना मी काय सांगू. मिसो सूप, टोफू, नूडल्सचा रस्सा, सगळ्यात दाशी असू शकते, दिसतही नाही. आणि यावर उपाय जपानमधलाच आहे, बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम भिजवून दाशी करतात, माशाशिवाय. तेवढी एक वेगळी पातेली चुलीवर ठेवा आणि मगच हिरवा ठिपका द्या. मेनूत साकेचं नाव, प्रकार, दाणा किती टक्के आणि बाटली कधी उघडली ते लिहा, चार शब्द लागतात. या शहरात जपानी शिकलेली इतकी मुलं आहेत, वर्षातनं दोनदा परीक्षेला बसतात, त्यातल्या एखाद्याला अर्धा दिवस बोलावून वाढणाऱ्या मुलांना लेबल वाचायला शिकवा. कुणाला हवं असेल तर मी स्वतः येईन, पैसे नकोत.

निघताना मॅनेजरना हे सगळं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, ऑर्डर लिहायच्या वहीत कोंबू हा शब्द मला विचारून लिहून घेतला आणि टोफूचे पैसे कापले. परवा वन्संचा फोन आला होता, मी परत माफी मागायला लागले तर म्हणाल्या ते राहू दे, त्यांनी ती दुसरी दाशी केली की कळव, टोफू खायचा राहिलाय माझा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे