पंखा आणि रेडिएटर यांच्यात इंचभर जागा ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतील संगणकाच्या वॉटर कूलिंगवरचा लेख आवडला. मात्र ‘पंखे रेडिएटरला (गरम झालेले पाणी हवेने थंड करणाऱ्या जाळीला) घट्ट भिडवून बसवावेत’ हे त्यातले वाक्य मला खटकले. तसे बसवल्याचा त्रास मी वर्षभर सोसला आहे.

मी अंध वाचकांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. मायक्रोफोन आणि संगणक एकाच खोलीत असतात. आवाज नको म्हणूनच पाण्याने थंड होणारा संगणक जुळवला, तरीही हेडफोन लावून ऐकले की दोन वाक्यांमधल्या शांततेत एक बारीक घूं ऐकू येई. पंखा सात पात्यांचा, मिनिटाला १२०० फेरे. म्हणजे सेकंदाला २० फेरे आणि पाती जाण्याचे १४० ठोके. १४० हर्ट्झ! माझा स्वतःचा आवाज साधारण याच पट्टीत लागतो. फिल्टर लावून घूं काढायला गेलो की माझा आवाजही पोकळ होई. ऐकणाऱ्याला पुस्तकातून फक्त आवाजच मिळतो. तोच असा पोचावा, हे मला सहन होत नव्हते.

माझा पंखा रेडिएटरमधून हवा ओढून घेणाऱ्या बाजूला होता. पंख्याच्या ज्या तोंडाने हवा आत शिरते तिथे आडव्या दांड्या नसतात, त्यामुळे पाती फिन्सच्या, म्हणजे रेडिएटरमधल्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या, अगदी जवळून, जेमतेम काही मिलिमीटरवरून फिरतात. फिन्समधून तुकड्यातुकड्याने येणारी हवा पाती कापत जातात आणि त्यातूनच तो सूर उठतो. एकदा दोऱ्याचा तुकडा घेऊन रेडिएटरच्या दुसऱ्या बाजूला धरला. पात्यांसमोर तो ओढला जाऊन फिन्सना चिकटला. मधोमध, मोटरीसमोर, नुसता लोंबत राहिला.

हिशेबही सोपा आहे. चौकोनात बसवलेले वर्तुळ त्या चौकोनाचा ७८ टक्केच भाग व्यापते, कोपरे सुटतात. १२० मिलिमीटरच्या पंख्यात मधल्या मोटरीचा व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर सुमारे ३० टक्के रेडिएटर पात्यांच्या थेट समोर येतच नाही. मध्ये थोडी मोकळी जागा असली की हवेला पसरायला वाव मिळतो आणि हे कोपरेही कामाला लागतात. मोटारगाडीच्या रेडिएटरमागे पंख्याभोवती जे श्राउड (आवरण) असते, तेही हवा साऱ्या रेडिएटरमधून ओढली जावी म्हणूनच.

मी एक बंद पडलेला पंखा घेतला. त्याची मोटर, पाती आणि दांड्या कापून टाकल्या आणि कापलेल्या जागी उरलेली टोके कानशीने गुळगुळीत केली (टोक राहिले तर तेच वाजते). राहिली २५ मिलिमीटर जाडीची रिकामी चौकट. ती रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये बसवली. सांध्यांवर फोमची पट्टी मात्र लावायलाच हवी, नाहीतर हवा फिन्समधून येण्याऐवजी फटीतून शिरते. घूं इतकी खाली गेली की फिल्टरची गरजच उरली नाही. पाण्याच्या तापमानात फरक थोडाच पडला, पण पंखा १०५० फेऱ्यांवर आणता आला. पुढे हौसेने दुसरी चौकट जोडून पाहिली, तिने विशेष काही साधले नाही. काही रेडिएटरमध्ये अशी जागा आधीच ठेवलेली असते, त्यांना वेगळी चौकट लागेलच असे नाही.

रेडिएटर बनवणाऱ्यांनी अशी चौकट आणि तिच्या मापाचे स्क्रू सोबतच द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाड फिन्सवाला आणखी एक रेडिएटर गळ्यात मारण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर स्क्रूबद्दलही जरूर लिहा. साध्या पंख्याला ३० मिलिमीटरचे स्क्रू लागतात, चौकट घातली की ५५ चे. तेच लांब स्क्रू पुढे कोणी चौकट काढून वापरले तर टोक फिन्स ओलांडून थेट पाण्याच्या नळीत घुसते आणि पाणी संगणकात गळते. आधी चौकट, पंखा आणि स्क्रू शेजारी धरून मोजावे, मगच पिळावे.

गेल्या वर्षीच्या पुस्तकाची पहिली चार प्रकरणे आता मी पुन्हा वाचून काढतो आहे.

आपला,
एक नियमित वाचक