पुड्यांची गोष्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, मायस्थेनियामुळे (स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारामुळे) काकूंच्या पापण्या सकाळी बऱ्या असतात आणि संध्याकाळी का मिटतात, ती गोळी नेमकं काय करते. मी घाईत काहीतरी सांगितलं, ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र. पण सुरुवात बर्नार्ड काट्झ यांच्यापासून करू दे; मज्जातंतू स्नायूला निरोप कसा देतो, हे शोधणारे शास्त्रज्ञ.

काट्झ 1911 साली लाइपझिगला ज्यू घरात जन्मले, डॉक्टरकी तिथंच शिकले. नाझी राजवटीत राहणं अशक्य झालं तेव्हा 1935 मध्ये लंडनला आले. युद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात रडारचं काम केलं आणि 1946 मध्ये पुन्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात.

तिथं ते आणि त्यांचे सहकारी पॉल फॅट बेडकाच्या स्नायूत केसाहून बारीक काचेची नळी घालून विजेचा दाब मोजत होते. मज्जातंतू शांत, कुणी त्याला छेडलेलं नाही. तरी पडद्यावर सेकंदाला एखादी, जेमतेम अर्ध्या मिलिव्होल्टची उसळी! यंत्राची खरखर म्हणून कुणीही सोडून दिली असती. त्यांनी नळी मज्जातंतूच्या टोकापासून दूर नेली, उसळी गेली. स्नायूपर्यंत निरोप पोचू न देणारं क्युरारे हे विष घातलं, तेव्हाही गेली. म्हणजे मज्जातंतूचं टोक आपणहून ॲसिटिलकोलीन, स्नायूला निरोप देणारं रसायन, सोडत होतं. पुढे देल कास्तियो या दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर काट्झ यांनी कॅल्शियम कमी करून मज्जातंतू छेडला. स्नायूचा प्रतिसाद कधी एका उसळीएवढा, कधी दोन, कधी काहीच नाही. वाण्याकडच्या बांधलेल्या पुड्यांसारखं! सुटं काही मिळत नाही. एका पुडीत हजारो रेणू. 1970 साली काट्झ यांना नोबेल मिळालं.

शिकत असताना एका रात्री मी स्वतः ती उसळी पडद्यावर पाहिली. बेडकाच्या त्या इवल्याशा स्नायूपुढं मी पहाटेपर्यंत बसून होतो. पुढची सगळी वर्षं याच कामात का गेली, ते त्या रात्रीतच आहे.

आता काकू. त्यांच्या पुड्या भरलेल्याच निघतात रे. पण स्नायूवर त्या झेलणारे रिसेप्टर त्यांच्याच शरीरातल्या प्रतिपिंडांनी कमी केलेत, म्हणून प्रत्येक उसळी लहान पडते. स्नायू सतत वापरला की दर खेपेला पुड्या थोड्या कमी सुटतात. तुझ्यामाझ्याकडे शिल्लक भरपूर असते, त्यांच्याकडे नाही. म्हणून विसाव्यानंतर डोळे उघडे, दिवस उतरताना जड. ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला गोळी थोपवते, त्यामुळे सुटलेला माल जरा जास्त वेळ टिकतो. रिसेप्टर काही ती परत आणत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली दुसरी औषधं आहेत. तीही चुकवू देऊ नकोस.

रविवारी येतो, सकाळीच. संध्याकाळी काकूंना बोलायचा त्रास होतो, आणि मला त्यांच्याशी पोटभर बोलायचंय.

तुझाच,
मित्र