रिंग फ्लॅशच्या नावाखाली दिवा दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पावतीवर 'मॅक्रो रिंग फ्लॅश' लिहून प्रत्यक्षात एलईडी दिवा दिल्याबाबत

महोदय,

दापोलीत माझा दातांचा दवाखाना आहे. जूनमध्ये तुमच्याकडून कॅमेरा, अगदी जवळून फोटो काढायची १०० मिमी मॅक्रो लेन्स, लेन्सभोवती बसणारा गोल रिंग फ्लॅश आणि तोंडात धरायचे आरसे असा संच घेतला. कॅमेरा-लेन्सबद्दल तक्रार नाही.

तोंडातले फोटो मी मॅन्युअल मोडवर काढते : आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) २००, शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ २२ (हा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक). अ‍ॅपर्चर एवढं बारीक ठेवलं तरच समोरच्या दातांपासून दाढांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्याला प्रकाश भरपूर लागतो, म्हणून तर फ्लॅश घेतला. पण पहिल्या दिवसापासून फोटो काळा मिट्ट. तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं, "मॅडम, एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० करा." केलं. उजेड आला, पण सुळ्यांच्या मागचं सगळं पुसट आणि हिरड्या रवाळ. पुन्हा फोन केला तर म्हणे, कोकणातली हवा दमट, लेन्सवर बाष्प धरत असेल. अहो, बाष्पाने फोटो पांढुरका, धुरकट होतो, काळा नाही! आरसासुद्धा मी कोमट पाण्यात बुडवून, पुसूनच तोंडात धरते.

खरं कळलं ते लाईट गेल्यावर. (पावसाळ्यात आमच्याकडे ती जातेच.) काळोखात दातांच्या प्लास्टरच्या मॉडेलचे एफ ८ वर दोन फोटो काढले, एक १/१६० ला, दुसरा १/४० ला. फ्लॅश असता तर दोन्ही सारखेच आले असते, कारण त्याचा झोत क्षणभरच पडतो. नंतर काळोखात शटर थोडं जास्त उघडं राहिलं तरी काय बिघडतं? इथे दुसरा फोटो चांगला चौपट उजळ आला. म्हणजे हा सतत जळणारा दिवा आहे.

जुलैअखेर हर्णैच्या एका खलाशाच्या पुढच्या दोन दातांना कॅप बसवायच्या होत्या. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, त्याआधी काम उरकायचं होतं. दाताशेजारी शेडची (दातांच्या रंगछटांची) पट्टी धरून फोटो पुण्याच्या लॅबला पाठवला. तुमच्या दुबळ्या दिव्यात ट्यूबलाइटचा रंग मिसळला आणि कॅप पिवळट होऊन आल्या. परत पाठवल्या. तोवर बोटी सुटल्या. बिचारा तात्पुरत्या कॅपवरच दर्यात गेला आहे.

मला १५ दिवसांत खरा फ्लॅश द्यावा, नाहीतर त्याचे पैसे परत करावेत; लॅबचा दुसऱ्यांदा झालेला खर्चही भरून द्यावा. दवाखाना मी एकटी, पोटापाण्यासाठी चालवते. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे मला माहीत आहे.

पावतीची प्रत आणि काळोखातल्या दोन्ही फोटोंच्या मूळ फाइल जोडल्या आहेत. सेटिंग्ज त्यातच दिसतील. उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

आपली ग्राहक,
दंतवैद्य, दापोली, जि. रत्नागिरी