थोडे दिवस आम्हाला तुमचा भार उचलू द्या

ती. आई-बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "आता माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही गं. डोळे मिटतो, पण शब्दच येत नाहीत." आणि लगेच फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून तेच मनात घोळतंय. फोनवर बोलायला गेले तर मला रडू फुटेल आणि तुम्ही दोघं माझीच समजूत काढत बसाल, म्हणून लिहिते आहे.

बाबा, आपल्या घरी रात्रीची प्रार्थना कधी चुकली नाही. लाइट गेली तरी कंदील लावून वचन वाचलं जायचं, दादा पेटी ओढायचा, आई गीत उचलायची आणि शेवटची प्रार्थना तुमची. दादा गेल्यापासून ती वेळ तुम्हाला किती जड जात असेल, मला कळतं. पण शब्द येत नाहीत म्हणजे आपला विश्वास आटला, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. ते मला मुळीच पटत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या 2 ऱ्या अध्यायातला पक्षघाती आठवा. तुम्ही संडे स्कूलमध्ये हा धडा इतका रंगवून सांगायचात, की आम्हा पोरांना कफर्णहूमच्या त्या घराचं छप्पर डोळ्यांसमोर दिसायचं. चौघं जण त्याला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी, म्हणून छप्पर उकलून त्याला खाली सोडतात. आता मोठेपणी वाचताना मी एका जागी थांबते. येशूनं विश्वास पाहिला तो त्या उचलून आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. त्यानं काही मागितलं, काही कबूल केलं, असं कुठंही लिहिलेलं नाही. त्याला फक्त उचलून आणलं गेलं.

तेव्हा सध्या तुम्ही बाजेवर पडून राहा, बाबा. उचलायला आम्ही आहोत. मी आहे, तुमचे जावई आहेत, मंडळीतल्या मावश्या आहेत. तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या घरी, दवाखान्यात, मातीला जाऊन इतरांसाठी प्रार्थना केलीत. आता तुमच्यासाठी इतरांनी केली तर त्यात कसला कमीपणा?

आई, तू म्हणालीस की उपासनेला जायला नको वाटतं, कारण बाहेर पडलं की कुणीतरी म्हणतं, "देवाची इच्छा," नाहीतर "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." माणसं मायेनं बोलतात हे मला ठाऊक आहे. तरी हे बोलणं मला शुभवर्तमानात सापडत नाही. बेथानीला लाजर मेला तेव्हा मार्था आणि मरीया दोघींनी येशूला तोंडावर सांगितलं, तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. दोघींचं गाऱ्हाणं एकच. बहीण म्हणून सांगते, दादाच्या वेळी माझ्याही ओठांवर अगदी तेच होतं. येशू त्यांना रागावला नाही, आणि देवाची इच्छा म्हणून गप्पही केलं नाही. मार्थेला त्यानं पुनरुत्थान सांगितलं. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला.

लाजर घटकाभरात कबरेतून बाहेर येणार हे त्याला माहीत होतं, तरीही तो रडला. मला सगळ्यात जास्त आधार याचाच वाटतो. दादा प्रभूजवळ आहे आणि आपण त्याला पुन्हा पाहणार, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो विश्वास आणि डोळ्यांतलं पाणी, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. तुला कुणी "रडू नकोस, तू विश्वासणारी ना," असं म्हटलं, तर त्यांना योहानाचा 11 वा अध्याय वाचायला सांग.

बाबा, एक मागणं आहे. काही दिवस "परमेश्वर माझा मेंढपाळ" हे 23 वं स्तोत्र बाजूला ठेवा आणि 88 वं वाचा. आपल्याकडे मातीच्या वेळी ते कुणी वाचत नाही. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, स्तुतीला येतात. 42 व्यातही तळमळणाऱ्या जिवाला देवाची आशा धर म्हणून सांगितलंय. 88 वं मात्र अंधारातच संपतं. रात्रंदिवस हाका मारल्या, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू माझ्यापासून दूर केलीस, एवढं बोलून ते थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवाशीच बोललेलं आहे. तुमचे स्वतःचे शब्द येत नसतील तर हे घ्या. मोठ्यानं वाचा, नाहीतर नुसतं बोट फिरवा. आणि तेही झेपलं नाही तर रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात पौल सांगतो, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. रात्री दोन वाजता तुम्ही अंगणात जो सुस्कारा टाकता ना, तो त्यात धरलेला आहे.

मागच्या खेपेला नगरहून परतताना गाडी केडगावला थांबली (आपल्या शहराजवळचं नव्हे, दौंडच्या पुढचं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचं) आणि त्यांचा विचार पुण्यापर्यंत सुटला नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीनं गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला. उरली एकुलती एक मनोरमा, तीही जुलै 1921 मध्ये वयाच्या 40 व्या वर्षी गेली. त्या वेळी रमाबाईंचं बायबलचं भाषांतर शेवटाला आलं होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत. मुलगी गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत, शेवटची प्रुफं तपासून, 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. पुस्तक बाहेर पडलं 1924 साली.

लोक हे सांगतात ते "बघा, किती धीराच्या" म्हणून. तुम्ही तसं धीरानं घ्यावं म्हणून मी लिहीत नाहीये. मला दिसतं ते वेगळं. लेक गेलेली ती म्हातारी, ऐकायला जवळजवळ येत नव्हतं, आणि रोज समोर वचनाचे कागद. मन लागत असेल-नसेल, पुढची ओळ वाचायची. आणि भोवती मुक्तीतल्या मुली, बायका: छापखाना चालवणाऱ्या, प्रार्थनेला जमणाऱ्या. त्या दुःखात त्यांना एकटं बसावं लागलं नाही. तुम्हालाही बसू देणार नाही.

आई, आता तुझ्याकडे. तू रात्री नुसता चहा पिऊन झोपतेस हे बाबांनी सांगितलंय. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला लावलं. पुढची चाळीस दिवसांची वाट त्या अन्नावर झाली. तू दोन घास खाल्लेस तर ती मला प्रार्थनेइतकीच मोलाची गोष्ट वाटेल. बाबांनाही बरोबर बसव, त्यांची शुगरची गोळी उपाशीपोटी नको.

उपासनेला येत्या रविवारी मी तुझ्याबरोबर येते. मागच्या बाकावर बसू आणि आशीर्वाद झाला की कुणाशी न बोलता निघू. पाळकसाहेबांना मी आधीच फोन केलाय, त्यांना वाईट वाटणार नाही.

आणि रोज रात्री साडेआठला मी फोन करीन. तुम्ही स्पीकर लावून ठेवा, बोलायची गरज नाही. मी वचन वाचीन, जावई प्रार्थना करतील, तुमची नात एक गीत म्हणेल. बाबांना "आमेन" म्हणावंसं वाटलं तर म्हणावं, नाहीतर आम्हीच म्हणू.

पेटी कुणी मागायला आलं तर सध्या देऊ नका. ती कुणाला द्यायची ते आपण तिघं मिळून ठरवू. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचते. बाबांच्या डोळ्यांचे थेंब इथून आणते, तिथं शोधत फिरू नका.

तुमची,
ताई